हवा कुणी भरली

६ फेब्रुवारी

चि. खुटखुट्यास,

आशीर्वाद या पत्रापुरते राखून ठेवले आहेत. का, ते पुढे वाच.

परवा रविवारी सकाळी आपली भिंगरी टेकडीच्या उतारावर पडली. कॉलरबोन मोडलं, उजव्या हाताची दोन बोटं मोडली, गुडघ्याचं सालपट निघालं. डॉक्टर म्हणाले, दहा आठवडे सायकलीचं नाव काढायचं नाही. निवड चाचणी सहा आठवड्यांवर आली होती. दोन वर्षं ही पोर अंधारात उठून पाय मोडेपर्यंत चढ चढली, ती काय प्लॅस्टर मिरवण्यासाठी?

नात आहे म्हणून म्हणत नाही, पण ती स्वतःच्या चुकीने पडलेली नाही, हे आधी लिहून ठेवते. मागून येणाऱ्या तिच्या मैत्रिणीने डोळ्यांनी पाहिलं. वळणावर खड्डा लागला, फट्‌ असा आवाज झाला आणि पुढचा टायर रिम सोडून बाहेर आला. ही तीच चाकं, जी तू जानेवारीत स्वतःच्या हाताने बसवून पाठवलीस. तेव्हा मला समजावत होतास, मावशी, आता ट्यूब नसते, आत औषध ओततात, बारीक भोक पडलं तर आपोआप बुजतं. आता कळलं. आधी ट्यूब काढलीत. उद्या चाकंही काढाल आणि सायकल किती हलकी झाली म्हणून पेढे वाटाल.

फोन करू नकोस. फोनवरच्या भांडणाचा पुरावा राहत नाही. वीज कंपनीच्या तक्रार विभागात मी एकतीस वर्षं काढली आहेत, तेव्हा तक्रार कशी करायची हे मला शिकवायला कुणी नको. तुझ्या सायकलदुकानाच्या मालकीणबाईंना कालच पत्र टाकलं. दोन पानं, इंग्रजीत, कॉन्व्हेंटच्या सिस्टरनीही एक स्वल्पविराम हलवला नसता असं. तुझं नाव त्यात तीनदा आहे.

लेखी खुलासा कर.

मावशी

१२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

तुझ्या पत्राआधी मालकीणबाईंच्या टेबलावरचं पत्र वाचलं. भिंगरीचं मला त्यातून कळलं. मी तिला फोन केला होता, तिने उचलला नाही. तिला सांग, मामा रोज विचारतोय.

चौकशी होईपर्यंत मला कामाच्या स्टँडवरून काढून काउंटरवर बसवलं आहे. टोप्या आणि हातमोजे विकतो. त्याबद्दल तक्रार नाही, दुकानाचा नियमच तसा आहे. आमच्याकडे प्रत्येक सायकलीबरोबर एक कार्ड जातं. ब्रेक, बोल्ट, टायर, सगळं तपासलं म्हणून बांधणारा खाली सही करतो. गिऱ्हाईक त्या सहीवर डोळे मिटून उतार उतरतं.

तुला राग येईल, तरी सांगतो. जुन्या रिमच्या कडेला आतून वळवलेला ओठ असतो, टायर त्यात अडकून बसतो. या नव्या रिमांना तो ओठ नसतो, भिंत सरळ असते. टायर नुसता घट्टपणावर बसलेला. चाक हलकं होतं, पण मग सगळं नेमकं असावं लागतं. मी भिंगरीला आधी ॲल्युमिनियमची ट्यूबवाली चाकंच घे म्हटलं होतं. ती म्हणाली, मामा, सगळ्या मुलींकडे ही आहेत, मी एकटीच बैलगाडी घेऊन जाऊ का? मी नमलो. तिथे नमायला नको होतं.

आता मला एवढंच कळव. टायर एका बाजूने सुटला की दोन्ही? रिमला तडा आहे का? आणि त्या दिवशी हवा कुणी भरली, किती भरली?

तुझा
खुटखुट्या

१६ फेब्रुवारी

चि. खुटखुट्यास,

तुझा खुलासा मिळाला. त्याला खुलासा म्हणण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही. आमच्याकडे मीटर जळला की कंपनी विचारायची, बाई, तुम्ही बटण कोणत्या हाताने दाबलंत? तूही त्याच वळणावर गेलास. दोष शोधायचा तो पडणाऱ्याच्या घरात!

तरी उत्तरं देते. टायर एका बाजूने सुटला. रिमला डोळ्यांना दिसेल असा तडा नाही.

हवा मी भरली. भिंगरीला त्या दिवशी उठायला उशीर झाला होता, मैत्रीण खाली घंटी वाजवत होती. एरवी नव्या चाकांना ती मला हातही लावू देत नाही. म्हटलं, आज आपण उरकून टाकू. चांगली शंभर पौंडांपर्यंत भरली, दोन्ही चाकांत, पंपाच्या काट्याकडे नीट बघून. आमच्या बाबांनी मला आठव्या वर्षी शिकवलं होतं की टायर दाबला की दुखायला हवा तो अंगठा. मी शाळेत सायकलने जायचे तेव्हा अख्ख्या कॉन्व्हेंटमध्ये माझ्या चाकांएवढी टणक चाकं कुणाची नव्हती. तुझ्या पहिल्या सायकलीतही मीच हवा भरायचे, विसरला असशील. तेव्हा हवेवर ढकलू नकोस. हवा चोख होती. बाकी सगळं तुझं होतं.

भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडून असते. जेवली का म्हटलं तर ‘हो’. दुखतंय का म्हटलं तर ‘नाही’. सायकलीचा विषय काढला की डोळे मिटते.

चौकशीचं काय झालं?

मावशी

११ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. काय लिहावं ते ठरत नव्हतं.

चूक माझी आहे. टायर बसवताना एका बाजूची कड पूर्ण बसली नव्हती, माझ्या लक्षात आलं नाही. खड्डा लागल्यावर ती सुटली. मालकीणबाईंना तसं लिहून दिलं आहे, खाली सही केली आहे. त्या काय ठरवतील ते ठरवतील.

तू हे प्रकरण आता मिटव. भिंगरीला बरं होऊ दे. आणि ते मोडकं चाक घरात ठेवू नकोस, भंगारात देऊन टाक. तिला रोज दिसत असेल.

तुझा
खुटखुट्या

१५ मार्च

चि. खुटखुट्यास,

सरळ कबूल केलंस, हे बरं केलंस. वाईट वाटलं, पण मान ताठ राहिली. आपल्या घरात चूक कबूल करणारा पुरुष जन्माला यायला तीन पिढ्या लागल्या. आता आशीर्वाद घे.

भिंगरीला पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती उठून न्हाणीघरात गेली आणि पाणी सोडून बसली. तरुण मुलींचं मला काही कळत नाही.

चाक मात्र भंगारात जाणार नाही. तुझी चूक तर चूक, पण ओठ नसलेली रिम काढणाऱ्या त्या कारखान्याचं काय? त्यांनाही एक पत्र जाणार आहे. दर वेळी स्टँडवरच्या माणसाचाच गळा का धरायचा? रिमवर बारीक अक्षरांत नंबर वगैरे छापलेलं दिसतंय. भिंग सापडलं की उतरवून घेते.

मावशी

२० मार्च

खुटखुट्या,

भिंग सापडलं.

रिमवर नंबर आहे, बनवल्याचं साल आहे आणि त्याच्या शेजारी छापलं आहे की हवा जास्तीत जास्त बहात्तर पौंड. मी तीनदा वाचलं. मग चाक खिडकीशी नेऊन चौथ्यांदा वाचलं. कुणाला दाखवायची गरज नव्हती, इंग्रजी माझं चांगलं आहे.

मी शंभर भरली होती. तशी तुला लिहूनही कळवली होती, छाती फुगवून.

भिंगरीच्या खोलीत गेले. विचारलं, तुला माहीत होतं?

ती म्हणाली, “काय?”

म्हटलं, “नाटक पुरे. बहात्तर.”

तर बाईसाहेब प्लॅस्टरकडे बघत म्हणतात, “आजी, जिन्यातच कळलं होतं. चाक दगडासारखं लागत होतं. म्हटलं, खाली जाऊन थोडी सोडू.”

“मग का नाही सोडलीस?”

“तू खिडकीत उभी होतीस ना. हात हलवत होतीस. इतकी खूश दिसत होतीस. म्हटलं, वळून दिसेनाशी झाले की सोडते. मग मैत्रीण पुढे निघाली आणि राहूनच गेलं.”

“आणि एवढे दिवस गप्प?”

“तू मामाला पत्रांवर पत्रं लिहीत होतीस. मी काय सांगणार होते? आणि मग मामानेच लिहिलं, माझी चूक. म्हटलं, तो सांभाळून घेतोय तर...”

सांभाळून! पोरीने गप्प बसून सांभाळलं, तू खोटं लिहून सांभाळलंस. मी काय काचेच्या कपाटातली बाहुली आहे का, फडक्याने पुसून पुन्हा आत ठेवायला? एकतीस वर्षं मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, फोनवर आणि तोंडावर. एक शिवी माझ्या हक्काची होती, तीच तुम्ही दोघांनी मिळून गिळली.

माझ्यासाठी खोटं बोलायचा अधिकार तुला कुणी दिला?

तुझ्या मालकीणबाईंना आजच लिहिते. तू पुन्हा स्टँडवर उभा राहिल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. सोबत नक्कल पाठवते.

मावशी

(नक्कल)

सौ. मालकीणबाईंना,

५ फेब्रुवारीच्या पत्रात मी आपल्या कारागिरावर आरोप केला. तो खोटा आहे. अपघाताच्या सकाळी हवा मी भरली. रिमवर बहात्तरची मर्यादा छापलेली असताना मी ती न वाचता शंभर भरली. टायर त्यामुळे सुटला. त्याने दिलेला कबुलीजबाब मला वाचवण्यासाठी आहे. कृपया त्याला त्याचं काम परत द्यावं. हे पत्र दुकानात सगळ्यांना दिसेल असं लावलंत तरी माझी हरकत नाही.

२८ मार्च

आदरणीय बाईंना,
नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. पहिलं इंग्रजीत होतं, हे मराठीत आहे, म्हणून मीही मराठीत लिहिते. एवढं उघडपणे लिहिणारं माणूस विरळा, हे आधी मान्य करते. आपल्या नातीला लवकर बरं वाटो.

मात्र आपली विनंती मला मानता येणार नाही.

त्याचा कबुलीजबाब आला, तेव्हा मी तो खरा धरला. दुसरं काही धरायचं कारण नव्हतं. चौदा वर्षांत त्याने माझ्याकडे एकही खोटं कार्ड भरलं नव्हतं. त्यामुळे गेल्या चार महिन्यांत त्याने बसवलेलं प्रत्येक चाक मी परत मागवलं. अठ्ठेचाळीस चाकं. ऐन शर्यतींच्या दिवसांत लोकांच्या सायकली माझ्या दुकानात उलट्या टांगलेल्या होत्या. सगळी उघडून तपासली. एकातही दोष निघाला नाही. पण ‘त्याने बसवलेली चाकं परत मागवली’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. जे त्याचं नाव घेऊन सायकल टाकायला यायचे, तेच आता विचारतात की दुसरं कुणी आहे का.

तेही कदाचित निवळलं असतं. पण आता मी कोणत्या सहीवर विश्वास ठेवू? त्याने चूक केली असती तर चार महिन्यांनी त्याला पुन्हा स्टँडवर घेतलं असतं. चुका माझ्याही हातून झाल्या आहेत. त्याने जाणूनबुजून खोट्याखाली सही केली. उद्या आणखी कुणाची दया आली म्हणून तो एखाद्या कार्डावर सही करणार नाही, हे मी उतारावरच्या माणसाला कसं सांगू?

हे मी त्याच्या तोंडावर बोलले. तो म्हणाला, “बरोबर आहे तुमचं.” एक तारखेपासून तो आमच्याकडे नसेल.

आपली,
मालकीण

३० मार्च

खुटखुट्या,

तुझ्या मालकीणबाईंचं पत्र आलं. सकाळपासून मी त्यात चूक शोधते आहे, सापडत नाही. हे माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

तू तिथेही ‘बरोबर आहे’ म्हणालास. मला ‘चूक माझी’ म्हणालास. भिंगरीला ‘बैलगाडी नको तर नको’ म्हणालास. तुझ्या तोंडात स्वतःचं असं काही आहे की नाही?

मी माफी मागणार आहे, पण तुझ्या त्या गोडगोड पत्रांकडे बघून नाही. एक खरं पत्र लिही. मला वाटेल ते मी बघून घेईन. आल्याशिवाय मी दुसरं लिहिणार नाही.

मावशी

१२ एप्रिल

मावशी,

हे चौथं पत्र. तीन फाडली.

खरं हवंय ना? मला तुझा राग आला आहे. तू शंभर भरलीस याचा नाही. ते तुला कुणी सांगितलं नव्हतं. मर्यादा मी भिंगरीला सांगितली, कार्डावर लिहिली, आणि त्या घरात हवा भरायची हौस कुणाला आहे हे मला लहानपणापासून ठाऊक असून तुला सांगितलं नाही. तेवढी चूक माझी खरोखरच आहे, ती मी घेतो.

राग याचा आहे की तू मला विचारलंच नाहीस. भिंगरी रविवारी पडली आणि सोमवारी माझ्या मालकीणबाईंना पत्र गेलं. मला मंगळवारी. तू मला अंगाखांद्यावर खेळवलंस. आई गेल्यावर सहा महिने मी तुझ्याकडे जेवलो. एक फोन करून “काय रे, कसं झालं असेल?” एवढं विचारायला तुला काय झालं होतं? तुमच्या तक्रार विभागात निदान आधी घराची वायर तपासायला माणूस तरी पाठवायचे ना?

मग तुझं उत्तर आलं. शंभर. ते वाचून मी काउंटरखाली बसलो, हातमोज्यांच्या खोक्यांमध्ये. तुला कळवलं असतं तर तू त्या पोरीच्या खोलीत रोज कशी गेली असतीस, हेच डोळ्यांसमोर आलं. तीन आठवडे तेच. शेवटी सही केली. मला वाटलं, चार महिने टोप्या विकीन आणि संपेल. अठ्ठेचाळीस चाकं उघडतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासमोर उघडली ती, मावशी. प्रत्येक टायर कड सोडताना मी बघत होतो. एकाचीही मला लाज वाटली नाही, इतकी चांगली बसवली होती. त्या दिवशी मी जेवलो नाही.

आता मी भाड्याच्या सायकलींच्या आगारात आहे. दोनशे सायकली, सगळ्या एकाच रंगाच्या. टायर भरीव रबराचे, त्यांत हवाच नसते. मला काही बसवावं लागत नाही, मोडलेलं काढून दुसरं लावायचं. कुठली सायकल कुणाची हे कुणाला माहीत नसतं, त्यामुळे कुणी नावाने विचारत नाही. काम संपलं की हात धुतले नाहीत तरी चालतं, ग्रीसच लागत नाही. चौदा वर्षं मी घरी जाताना हातांचा वास घेत जायचो.

मालकीणबाईंचं बरोबर आहे, हे मी तोंडदेखलं म्हणालो नव्हतो.

तू माफी मागू नकोस. मला ती आत्ता नको आहे, आणि पाठवलीस तर मी लगेच ‘जाऊ दे मावशी’ लिहीन, मला माझी सवय माहीत आहे. मला काही दिवस जाऊ द्यायचं नाहीये. तुझ्याकडे इतक्यात येणार नाही. येईन तेव्हा येईन.

भिंगरीने मला काही लिहिलेलं नाही. तिच्यावरही रागच आहे, कमी आहे.

खुटखुट्या

१७ एप्रिल

चि. खुटखुट्यास,

पत्र पोचलं. तू सांगितलंस तसं, माफी लिहीत नाही. हात शिवशिवतो आहे, तरी लिहीत नाही.

विचारलं नाही, हे खरं आहे. रविवारी दवाखान्यातून आल्यावर मला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि ओरडून घेणारं माणूस म्हणून तू सगळ्यात आधी आठवलास. तक्रार विभागात असं करणाऱ्या बायकांना मी बोट दाखवून खुर्चीवर बसवायचे आणि म्हणायचे, बाई, आधी पाणी प्या. मला कुणी पाणी दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. भिंगरीची मैत्रीण ग्लास घेऊन समोर उभी होती. मी घेतला नाही.

तुझं पत्र भिंगरीला वाचायला दिलं. वाचून दाखवलं नाही, हातात दिलं. तिने ते घडी घालून परत केलं आणि विचारलं, “आजी, मामा तुला असं लिहू शकतो?”

म्हटलं, “मीच मागितलं होतं.”

“मग मीपण लिहू?”

“मामाला ना? लिही की.”

“त्याला नंतर. आधी तुला.”

ती आतल्या खोलीत दार लावून लिहिते आहे. तास होऊन गेला. मध्ये एकदा मी नुसती दाराशी गेले, तर आतून आवाज आला, “अजून झालं नाही.”

मी बाहेरच्या खोलीत बसले आहे. बोलावणं आलं की जाईन.

मावशी